थांबा, सेटिंग करतोय

आमच्या साडूंनी डीएसएलआर घेतला, त्याला चार-पाच वर्षं तरी झाली असतील. नुसता घेतला नाही. निकॉन की कॅनन या प्रश्नावर निम्म्या ऑफिसशी अबोला धरून, मग घेतला. सोबत अठरा-पंचावन्नची किट लेन्स आली, पाठोपाठ पिशवी, ट्रायपॉड, यूव्ही फिल्टर, धूळ उडवायचा रबरी फुगा, आणि पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या. सगळा सरंजाम दिवाणावर मांडून झाल्यावर मेव्हणीने विचारलं, ‘‘अहो, यातून फोटोही येतात ना?’’

ते पहिल्या संध्याकाळी आलेच नाहीत. डोळा लावला की सगळं पुसट. दुकानदाराने डिफेक्टिव्ह पीस गळ्यात मारला म्हणून साडू सकाळी बिल घेऊन तरातरा निघाले. साक्षीदार म्हणून मी. दुकानदाराने कॅमेरा डोळ्याला लावला, व्ह्यूफाइंडरच्या कडेचं इवलंसं चाक नखाने फिरवलं आणि परत दिला. आपल्या नजरेच्या नंबराप्रमाणे ते जुळवून घ्यायचं असतं. साडूंनी आत पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, ‘‘ठाऊक होतं मला. तुम्हाला ठाऊक आहे का, बघत होतो.’’

वरच्या गोल चकतीवर ऑटो नावाची सोय असते, पण तिचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘‘ऑटो म्हणजे पाकिटातला मसाला हो!’’ त्यांचा काटा कायम एमवर, म्हणजे मॅन्युअलवर. छिद्र किती उघडायचं, शटर किती वेळ, आयएसओ किती, सगळं स्वहस्ते. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर या माणसाचा अभ्यास पक्का आहे. अडचण एवढीच, की तो अभ्यास ते समोरचा माणूस फोटोला उभा असताना करतात. हसू धरून ठेवून आमच्या घरातल्या मुलांचे गाल दुखतात, आणि कॅमेऱ्यामागून एकच घोष येत राहतो : ‘‘थांबा, सेटिंग करतोय.’’

एकदा त्यांनी सासूबाईंनाच अॅपर्चर समजावलं. ‘‘पन्नास मिलिमीटरची लेन्स. एफ दोन म्हणजे पन्नास भागिले दोन, पंचवीस मिलिमीटरचं भोक. एफ चार म्हणजे साडेबारा. आकडा वाढला की भोक लहान, उजेड कमी.’’

सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, ‘‘मग वाढवायचा कशाला आकडा?’’

साडूंना हे फार पटलं. त्यांनी पन्नासची एफ १.८ वाली लेन्स घेतली आणि आकडा १.८ वरून हलवला नाही. मग भाच्याची मुंज आली. मातृभोजनाला साडू दोनेक मीटरवर गुडघा टेकून बसले. लेन्स इतकी उघडी ठेवली की त्या अंतरावर जेमतेम अर्धी वीत खोलीचा पट्टा स्पष्ट येतो, पुढचं-मागचं विरघळतं. त्यात फोकस कुठे धरायचा हे त्यांनी कॅमेऱ्यावरच सोडलेलं, आणि अशा वेळी कॅमेरा बहुधा जवळची वस्तू पकडतो. बटू धूसर, त्याला भरवणारी आई धूसर, पंगतीतली पोरं म्हणजे नुसते रंगीत डाग. आणि मध्येच वाकलेल्या आत्याबाईंच्या हातातली तुपाची वाटी मात्र अशी लखलखीत, की तुपातली कणी न् कणी रवाळ दिसावी. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. ‘‘अस्सं. म्हणून वाढवायचा होय आकडा.’’

बाकीच्या मुंजीचे फोटो अद्याप कोणी पाहिलेले नाहीत. ते रॉमध्ये काढलेत, एकेक फाइल वीस-पंचवीस एमबीची, आणि संगणकावर संस्कार केल्याशिवाय साडू त्या कोणाला देत नाहीत. मुंजीचा संस्कार झाला, फोटोंचा राहिलाय. बटूला मिसरूड फुटतंय.

गेल्या हिवाळ्यात आम्हाला घेऊन ते भिगवणला गेले. उजनीच्या फुगवट्यावर फ्लेमिंगो आलेले. भाड्याने आणलेली लांब लेन्स साडूंच्या मांडीवर. इतके कॅमेरेवाले वाहून नेल्यावर तिथल्या नावाड्यालाही विद्या येणारच. तो वल्हं थांबवून म्हणाला, ‘‘साहेब, शटर दोन हजारला टाकून ठेवा. उडाले की टायम मिळत नाय.’’

‘‘पण मग आयएसओ वाढवावा लागेल ना! नॉइज येईल,’’ साडू म्हणाले.

‘‘येऊ द्या की. पक्षी तर येईल.’’

‘‘तसं नसतं. एक्स्पोजर म्हणजे...’’

तेवढ्यात अख्खा थवा उठला. पंखांखालचा गुलाबी न् काळा रंग एकदम उघडला, डोक्यावरून गेला, पलीकडच्या काठाला टेकलाही. मेव्हणीने मोबाइलवर काढला. साडू अजून नावाड्याला एक्स्पोजरचा त्रिकोण समजावत होते.

परतताना जेवायला थांबलो. गरमागरम चिलापी फ्राय आला. खिडकीतून तिरका उजेड ताटावर पडत होता, तो साडूंना फार आवडला. ते खुर्चीवर चढले, उतरले, लेन्स बदलली, फडक्याने पुसली, पुन्हा चढले.

‘‘हां. आता ते ताट जरा डावीकडे घे.’’

‘‘घ्या,’’ मेव्हणी बोटं चाटत म्हणाली, ‘‘काटे उरलेत, त्यांचा काढा.’’