म्यूटवरच्या सरांना अनावृत पत्र

आदरणीय सर,


रविवारचं आपलं ऑनलाइन संपर्कसत्र हिवरखेडात उत्तम पार पडलं. म्हणजे आपले ओठ हलताना सगळ्यांनी पाहिले. माझी भाची स्लॅबवर, पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसली होती, कारण रेंज तिथंच मिळते. कपाशी वेचायची रोजी बुडवून बसली होती. चॅटमध्ये पोरं लिहीत होती, "सर, आवाज येऊन नाही राह्यला." आपण चॅट उघडलीच नाही. अर्ध्या तासानं आवाज आला तेव्हा कळलं, आपण पीडीएफ वाचत होता. ग्रुपवर टाकलेलीच, आडवी स्कॅन केलेली, कडेला कुणाचा तरी अंगठा आलेली.

स्वाध्यायाची लिंक उघडत नाही, ते सोडा.

२००४ साली खास शिक्षणासाठी एड्युसॅट उपग्रह सोडला. तो ३६ हजार किलोमीटर वर जाऊन पोचला. आपलं बोट माइकपर्यंत पोचेना. १९८४ पासून यूजीसीचे वर्ग दूरदर्शनवर दिसत, तेव्हा पडद्यातल्या माणसाला काही विचारायची सोय नव्हती. आता आहे. भाचीनं विचारलंही. आपण म्हणालात, "नोट्स वाचा ना!"

आणि तयारी म्हणाल, तर ती कागदोपत्री जंगी. लॉकडाऊनमधल्या वेबिनारांची रंगीत ई-प्रमाणपत्रं आपण ग्रुपवर टाकली होती. 'ई-आशय निर्मिती', 'डिजिटल अध्यापन'. गूगल फॉर्म भरला की प्रमाणपत्र हजर, हे आम्हालाही ठाऊक आहे बाप्पा.

मग चौकशी केली. आपण तासिका तत्त्वावर. मानधन महिनोन्महिने थकलेलं. लॅपटॉप आपला, डेटा आपला, प्रशिक्षण म्हणजे हजेरीची सही अन् चहा-समोसा. ती प्रमाणपत्रं कायम नोकरीच्या मुलाखतीसाठी जमवलेली. सर, हे ऐकून वाईट वाटलं. पण मग रागवायचं ते वरच्यांवर रागवा ना! फी भरून, रोजी पाडून उन्हात बसलेल्या पोरीवर कशाला खेकसता?

पुढच्या वेळी सत्रच घेऊ नका. दहा मिनिटांचं बोलणं व्हॉट्सॲपवर रेकॉर्ड करून टाका, आपल्या वऱ्हाडीत. त्याला रेंज कमी लागते अन् पोरी वेचताना कानाला लावतील. तिथला माइक मात्र दाबून वर सरकवावा लागतो, एवढं बघा.

कळावे,
एका विद्यार्थिनीचा मामा
हिवरखेड, ता. तेल्हारा, जि. अकोला