ज्येष्ठ युवक

सीमाभागातल्या कुठल्याही युवक नाट्यमंडळात एक गृहस्थ हटकून सापडतो. वय अठ्ठेचाळीस, थोरली मुलगी कॉलेजात, डावा गुडघा पावसाळ्यात बोलका होणारा, आणि ‘संगीत सौभद्र’मध्ये भूमिका अर्जुनाची. जोयडा तालुक्यातल्या गणेशगुडीत सापडला तर दिवसा त्याचं किराणा दुकान असतं आणि रात्री द्वारका. गिऱ्हाइकाला तूरडाळ मोजताना तो पुढच्या पदाची तान मनात घोळवतो, त्यामुळे माप नेहमी थोडं जास्तच पडतं. वर्षागणिक त्याची पट्टी अर्ध्या स्वरानं उतरते आणि पेटीवाला मुकाट्यानं बोटं सरकवतो. गाव त्याला हसतं. हसावंच, पण त्याला मंडळातून काढावं असं मात्र कुणी म्हणू नये. कारण संगीत नाटक हा पोक्त माणसांनी तारुण्य गाऊन दाखवण्याचा प्रकार आहे, आणि इतिहास या गृहस्थाच्या बाजूनं साक्ष देतो. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८४३ साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं ते १८८० साली, म्हणजे सदतिसाव्या वर्षी; ‘सौभद्र’ त्यानंतर दोन वर्षांनी. बालगंधर्वांनी तर पन्नाशी उलटल्यावरही नायिका रंगवल्या. त्या मानानं आपला अर्जुन अजून शाळकरीच.

यावर कुणी जाणकार किर्लोस्करांच्या नाटक कंपनीतल्या भाऊराव कोल्हटकरांचं नाव काढेल. १८६३चा जन्म आणि १८८२ साली सुभद्रा, म्हणजे विशीच्या आतच! आक्षेप बिनतोड दिसतो, पण भाऊरावांना संध्याकाळी घटक चाचणी नव्हती. कंपनीत राहणं, कंपनीत जेवणं आणि रोजची तालीम, असा तो कारभार. उलट जोयडा तालुक्यातला मुलगा बारावी होताच गोव्याची नाहीतर बेंगळुरूची गाडी पकडतो. गावात राहतो तो काळी नदीवर पर्यटकांची राफ्ट वल्हवतो, आणि ऐन हंगामात तालमीला येतो तो पेंगण्यापुरता. त्याचे दंड पाहून मंडळ त्याला घटोत्कच देतं, तेही योग्यच. झोपलेली सुभद्रा उचलून न्यायची तर गुडघा शाबूत हवा. पदं मात्र दंडानं गाता येत नाहीत. मूळ ‘सौभद्र’ पदांनी इतकं गच्च भरलेलं आहे की कुठलं गाळायचं, कुठल्या वाक्याला पेटीनं स्वर धरायचा, हे ज्याला तोंडपाठ आहे असा माणूस पंचक्रोशीत एकच असतो. शिवाय नाटकात पुढं अर्जुन संन्याशाच्या वेषात वावरतो. जटा आणि दाढी लागली की विरळ केस आणि दुहेरी हनुवटी दोन्ही झाकली जातात. वयस्क अर्जुनाची सोय नाटककारानंच करून ठेवल्यासारखी वाटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा माणूस जागा अडवतो, म्हणून नवी पोरं येत नाहीत. यात थोडं तथ्य आहे. वन्स मोअरची चटक वाईट, आणि टाळी एकाच कोपऱ्यातून आली तरी तो ती सर्वानुमते मंजूर झाली असं धरतो. पण कार्यकारणाचा क्रम उलटा लावू नये: पोरं येत नाहीत म्हणून जागा अजून त्याच्याकडे आहे. इथल्याच सुपा धरणानं जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याच्या कचेऱ्या जोयड्याला हलल्या. गाव हलवणं सरकारला जमतं, तालीम हलवायला मात्र ती अवगत असलेला माणूस लागतो. जत्रेच्या रात्रींना संगीत नाटकं करणारा गोवा घाटाखाली इतका जवळ आहे, आणि तिथंही परंपरा टिकली ती शिकवणारे टिकले म्हणून. तेव्हा या गृहस्थाला एकच अट घालावी: अर्जुन खुशाल कर, पण दर वर्षी एका पोराला पाच पदं बसवून दे. आणि पोरांनाही तशीच अट: त्याला घरी बसवायचं असेल तर साऱ्या पदांसह अर्जुन पाठ करून तालमीला वेळेवर हजर व्हा. ही दुसरी अट पुरी होईपर्यंत सुभद्रेनं गुडघ्याच्या मलमाचा वास सोसावा. द्वारकेत दुसरा वर उरला आहे तो दुर्योधन.