कंसातली माणसं

आमच्या तालुक्यात माणूस गेला तरी भात लावायचा थांबत नाही. शहापूर-मुरबाडकडचा एखादा जुना सातबारा काढून बघा. बहात्तरच्या दुष्काळाआधी गेलेले आजोबा दर खरिपाला हजर असतात. पिकाच्या रकान्यात भात, कुठे नागली, कुठे वरी, सगळं वेळच्या वेळी पडलेलं. शेतसारा त्यांच्या नावाने भरला जातो, आणि घरात कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. ‘नाव हाय ते असूदे, त्यांनीच कमावलंय,’ असं थोरल्याने म्हटलं की बाकीचे माना हलवतात. त्याहून गंमत ‘अपाक’वाल्यांची. अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता. लहानपणी बाप गेला म्हणून चुलता पालनकर्ता लावलेला असतो आणि तो शेरा काढायचा राहून जातो. मग पणतवंडं खेळवणारे आजोबा कागदावर अजून अज्ञान बालकच.

सरकारला अखेर हे पाहवेना. २०२५ च्या एप्रिलात ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम राज्यभर निघाली. त्याआधी ती बुलढाणा जिल्ह्यात करून पाहिली होती. तलाठ्यांनी मयत खातेदारांच्या याद्या करायच्या, चावडीवर वाचायच्या आणि वारसांची नावं लावायची. तलाठी म्हणायचं नसतं आता. २०२४ साली त्यांचे ग्राम महसूल अधिकारी झाले. आम्ही ‘भाऊसाहेब’च म्हणतो. हयात माणसाचं नाव मंत्रालयातून एका निर्णयात बदलतं आणि मेलेल्याचं कमी करायला तीन पिढ्या जातात, एवढाच काय तो फरक.

कायदा तसा उतावळा आहे. जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत कळवायचं. मग गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद, मग फेरफार, मग हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मग सर्कल अधिकाऱ्याची सही. ती झाली की जुन्या नावाला कंस पडतो. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर हे कंस बघण्यासारखे असत. आजोबांच्या नावाला निळ्या शाईचा, चुलत आजोबांच्या नावाला काळ्या शाईचा, एखादा इतका मोठा की शेजारच्या हयात माणसाच्या आडनावालाही विळखा घालणारा. आता कॉम्प्युटर नुसती आडवी रेघ मारतो. त्यात ती मजा नाही.

आमचे नाना, म्हणजे माझे चुलते, गेले तेव्हा हे सगळं आमच्या घरावर एकदम आलं. दहाव्याला भारंगीच्या काठावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. नानांची बैलांची हौस होती म्हणून ‘बैल विकणार नाही’ असं कबूल केलं. कावळा फांदीवरच. ‘काकीला सांभाळू’ म्हटलं. तो मान वाकडी करून बघत राहिला. शेवटी कोणीतरी म्हणालं, ‘नाना, सातबाऱ्याचं आम्ही बघतो,’ आणि दोन कावळे एकदम उतरले. त्यांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला हे विशेष. त्यानंतर ज्या ज्या खिडकीसमोर उभे राहिलो तिथे शब्दाला किंमत नव्हती, साक्षांकित प्रत लागत होती.

आणि प्रत कोणाची? नाना एकटे गेले होते. कागदावर तीन जण निघाले. सातबाऱ्यावर घरचं टोपणनाव. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी लावलेलं चांगलं नाव. आधारवर तेच नाव, पण मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा मराठीत जाऊन आल्यामुळे अर्धं झिजलेलं. हे तिघे एकच होते, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. म्हणून कोणी विचारलं तर एवढंच सांगतो : ग्रामपंचायतीत एकवीस दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करा, दाखला मिळाला की शाई वाळायच्या आधी स्पेलिंग वाचा, आणि प्रती हातासरशी भरपूर घ्या. दुःखात माणूस एकच प्रत घेतो.

बँकेत गेलो तर तिथे नॉमिनी. गावात नॉमिनी म्हणजे मालक असा ठाम समज आहे, आणि त्यावरून भावाभावांत चुली वेगळ्या झाल्यात. १९७३ पासून ज्यांचं ‘कालनिर्णय’ घरोघरी भिंतीवर आहे, त्या जयंत साळगावकरांच्या पश्चात शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या नॉमिनीचा असाच प्रश्न उभा राहिला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ ला निकाल लागला : नॉमिनीला मालकी मिळत नाही, मालक कायद्याने जे वारस तेच. म्हणजे नॉमिनी हा खळ्यावरचा राखण्या. रास त्याच्या ताब्यात, पण भात त्याचं नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. चार राखणे म्हटल्यावर रास सुखरूप राहील की खळ्यावरच जुंपेल, ते ज्याच्या त्याच्या घरावर आहे.

नानांचं कार्ड होतं. मुरबाड तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून नानांना वाटे की आपणही मागे राहू नये. पिन त्यांनी कोणाला कळू नये म्हणून दाराच्या मागे कोळशाने लिहून ठेवला होता. घरातल्या पोराटोरांना तो पाठ. पण मेलेल्याचं कार्ड वापरू नये असं बँकेत सांगतात, आणि ते बरोबरच आहे. तेराव्याचा किराणा कशाने आणायचा, हे मात्र बँकेच्या पत्रकात कुठे छापलेलं नसतं.

मग काकीची सही. मुरबाडकडेच फांगण्याला २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगड्यातल्या, पाठीला दप्तर लावलेल्या आज्यांचे फोटो पेपरात आले, तेव्हा आमच्या काकीने नातीची पाटी ओढून घेतली आणि सही शिकली. अंगठेबहाद्दर म्हणून मरायचं नाही, असा पण होता. बँकेच्या फॉर्मवर तिने पहिली सही केली तेव्हा मागची रांग थांबून बघत होती. एकेक अक्षर वेलांटीसकट, बांधावरून चालावं तसं जपून. पण फॉर्मला सह्या पाच, आणि पाची निराळ्या आल्या. ‘आजी, सही जुळत नाही,’ खिडकीतला मुलगा म्हणाला. काकी त्याला म्हणाली, ‘बाला, अंगठा बरा रं. तो कवाबी सारखाच येतो.’

त्याच मुलाचे आमच्यावर उपकार आहेत. पासबुक उलटताना त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. मेअखेरीस ४३६ रुपये वजा. दरसाल. आम्ही समजत होतो बँकेचा काहीतरी चार्ज असेल. ती जीवनज्योती विम्याची वर्गणी होती. पंचावन्नच्या आत माणूस गेला तर वारसाला दोन लाख. नाना त्या वयाच्या काठावर होते, अलीकडच्या. शेजारी वीस रुपयांची ओळ असते ती अपघाताची. आमच्याकडे आवणीच्या दिवसांत साप चावून माणसं जातात, आणि घरच्यांना शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला गोपीनाथ मुंडे योजनेत मदत आहे, हे कोणीतरी एस. टी. स्टँडवर सांगितल्यावर कळतं. कोणी गेलं की सांत्वनाला जाणाऱ्याने खरं तर चहा नको म्हणावं आणि पासबुक मागावं. पण तसं करणारा माणूस गावातून उठवला जाईल.

कागद नसलेला व्यवहार मात्र भराभर उरकला. म्हसाच्या यात्रेत नानांनी एका बैलाचा विसार दिला होता. घाटावरच्या त्या माणसाचा फोन आला. नाना गेल्याचं ऐकून तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, ‘विसार परत देऊ का बैल धाडू?’ दाखला नाही, प्रत नाही, मयताशी नातं काय तेही विचारलं नाही. दोघेजण दारात येऊन ‘नानांचे माझ्याकडं होते’ म्हणून पैसे ठेवून गेले. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त होते तो हार घेऊन आला होता, पुढच्या रांगेत बसून रडला, आणि अजून रडतोय. पतपेढीत नाना कोणाकोणाला जामीन राहिले होते ती यादी वेगळीच. तिच्यावरून काकीला नवऱ्याच्या मित्रांची खरी माहिती मिळाली.

राहता राहिली वारस नोंद, आणि तिथे आत्या आल्या. आपल्याकडे मुलीला हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला, पण गावात अजून पद्धत साडीचोळीची : भावाने साडी द्यायची, बहिणीने हक्कसोडीवर सही द्यायची. समृद्धी महामार्गासाठी शहापुरातली जमीन गेली, तेव्हा भाऊबीजेपलीकडे न आठवलेल्या बहिणींच्या दारात एकाच आठवड्यात तीन-तीन भाऊ पेढे घेऊन उभे राहिलेले मी पाहिलेत. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. गाड्या आता भरधाव जातात, पण खाली गावात काही बहीणभावांचं बोलणं अजून सुरू झालेलं नाही.

आमच्यात महामार्ग नाही, नुसती आजोबांच्या आणि नानांच्या नावची भातशेती. तिथे नानांआधी आजोबांना कंस पडायचा होता, म्हणजे आत्यांची नावं आली. माझ्या भावाने थोरल्या आत्याला बिचकत विचारलं, ‘आत्या, हक्कसोडीचं कसं करायचं?’ आत्या तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. ‘सोडीन की. पण आधी माझं नाव लाव. लावलंच नाय तर सोडू काय?’

कायद्याच्या पुस्तकात हे इतक्या कमी शब्दांत नाही. नावं लागली. चार पुरुषांच्या खाली दोन आत्या आणि काकी. आत्याने सातबाऱ्याची प्रत मागून घेतली, दुधाच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली, आणि सरळगावच्या बाजारात भेटलेल्या दोघीतिघींना काढून दाखवलीही. हक्कसोडीचं अजून तिने काही म्हटलेलं नाही. आम्हीही विचारलेलं नाही. साडी घेऊन ठेवली होती ती दिवाळीला तशीच दिली.

या सगळ्यातून काकी फार हुशार झाली. तिने नातीकडून एक वही करून घेतलीय. पासबुक कणगीमागच्या डब्यात, गॅसचं पुस्तक देवाच्या फळीवर, शेजारणीकडे दोन पायली तांदूळ येणं, बचतगटाचा शेवटचा हप्ता राहिला. नॉमिनी चार लावता येतात कळल्यावर तिने चारही लावले, त्यात एक आत्या. वही तिने मला वाचायला दिली आणि वर तोंडी जोडलं, ‘मी गेले तं कावल्याची लय वाट बघत बसू नका. भाऊसाहेब सोमवारी आन् गुरुवारीच सजावर असतो.’