पाथरवटाचं श्रेय पळवणाऱ्यास खुलं पत्र

माहितीपटकार महाशय,

वेरूळच्या कैलास लेण्यावरचा तुमचा माहितीपट मी शेवटच्या नामावलीपर्यंत पाहिला. असे माहितीपट मी आवडीने पाहतो, पुढेही पाहणार आहे. ‘आपल्याला सांगितलं गेलं ते खरं कशावरून?’ हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि विचारणाऱ्याला वेड्यात काढणाऱ्यांतला मी नाही. सत्य दडपलं जातंच. अमेरिकेत टस्कीगीला सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२पासून ४० वर्षं औषधाविना ठेवलं आणि त्यांना झालंय काय, हेही सांगितलं नाही. १९७२ साली ते उजेडात आलं. त्यात खातं होतं, माणसं होती, तारखा होत्या, कागद होते.

तुमच्याकडे यातलं काय आहे? ड्रोन आहे, नगारे आहेत आणि खर्जातला एक आवाज आहे. तो आवाज छातीठोक काहीच म्हणत नाही. ‘हे माणसांचं काम नसेल तर?’ एवढं विचारतो आणि नगारा वाजतो. उत्तराची जबाबदारी अंगावर येऊ नये म्हणून विचारलेल्या प्रश्नाला मी जिज्ञासा म्हणत नाही. ही पळवाट आहे. ती फार जुनीही आहे. १९६८ साली एरिक फॉन डेनिकेन यांचं परग्रहवासीयांवरचं पुस्तक आलं, त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावापुढेही प्रश्नचिन्हच होतं.

आता तुमच्या हुकमी पुराव्याकडे येऊ. पडद्यावर मोठ्या अक्षरांत हिशेब येतो: चार लाख टन खडक, १८ वर्षं, दिवसाचे बारा तास. म्हणजे रोज ६१ टन, ताशी पाच टन. मग आवाज विचारतो, ‘छिन्नी-हातोड्याने ताशी पाच टन?’ बघणारा थक्क होतो. मीही क्षणभर थांबलो. मग कागद-पेन्सिल घेतली.

तुम्ही टनांना वर्षांनी भागलंत, दिवसांनी भागलंत, तासांनी भागलंत. माणसांनी का नाही भागलंत?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी तो भागाकार फार पूर्वी केला आहे. एक माणूस दिवसाला साधारण चार घनफूट खडक फोडतो असं धरून त्यांनी हिशेब मांडला, आणि २५० माणसांना हे काम साडेपाच वर्षांत उरकता येईल असं म्हटलं. बेसॉल्टचा एक घनफूट भरतो साधारण ८० किलो. चार घनफूट म्हणजे ३२० किलो, आणि अडीचशे माणसांचे दिवसाला ८० टन. तुमच्या ६१ टनांपेक्षा जास्तच. आता तुमचेच चार लाख टन घ्या. ती संख्या मला मान्य नाही, कारण एरवी सांगितला जाणारा अंदाज दोन लाखांच्या आसपासचा असतो. तरी घ्या. रोज ८० टनांनी पाच हजार दिवस होतात, चौदा वर्षांच्या आत. पावसाळ्यात काम थांबवा, सणावारी सुट्टी द्या आणि त्या बदल्यात शंभर माणसं वाढवा. कैलास कोरवणाऱ्या राष्ट्रकूटांच्या राज्यात शंभर माणसं जास्तीची मिळत नव्हती, असं तुमचं म्हणणं आहे का?

हा हिशेब खडक फोडण्याचा आहे. शिल्पं कोरायला लागलेला वेळ वेगळा, आणि तिथे खरे प्रश्न आहेत. काम पहिल्या कृष्णराजाच्याच कारकिर्दीत, म्हणजे साधारण इ.स. ७५६ ते ७७३मध्ये, बरंचसं झालं की पुढच्या राजांनी भर घातली? कला-इतिहासकार हर्मन गोएट्झ यांनी ते अनेक कारकिर्दींवर पसरवलं, तर ढवळीकरांनी मुख्य देऊळ, नंदीमंडप, हत्तींचा थर, ध्वजस्तंभ हे सगळं कृष्णराजाच्या खाती टाकलं. दोघेही एकेका भागाची शैली बारकाईने पाहत वाद घालतात. रहस्यच हवं होतं, तर हे घ्यायचं होतं. यावर तासभराचा उत्तम माहितीपट होईल.

तुम्ही गाळलेली एक गोष्ट मात्र मला माफ करता येत नाही. बडोद्याला मिळालेला, राष्ट्रकूट घराण्यातल्याच कर्कराजाचा इ.स. ८१२-१३चा ताम्रपट. त्यातलं एलापूरचं देऊळ म्हणजे वेरूळचं कैलास, हे रा. गो. भांडारकरांनी ओळखलं. त्यात लिहिलंय की विमानांतून फिरणारे देव हे देऊळ पाहून चकित झाले. हो, विमानांतून! तुमच्या हाती ही ओळ लागली असती तर तुम्ही तिच्यावर तीन भाग केले असते. पण पुढचं वाचा. त्या देवांना ते देऊळ स्वयंभू वाटतं, माणसाच्या कलेला एवढं सौंदर्य साधेल यावर त्यांचा विश्वास बसत नाही. आणि ते बांधणारा स्थपती स्वतःच्या कामाकडे बघून म्हणतो, हे मी केलं तरी कसं! देऊळ पुरं झाल्यावर फार तर दोन पिढ्यांनी कोरलेला हा मजकूर आहे. विमानवाले त्यात प्रेक्षक आहेत, कर्ता माणूस आहे. तुम्ही बाराशे वर्षांनी येऊन दोघांच्या जागा बदलल्यात.

‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथातली देवळाची दंतकथा तुम्ही वापरलीत, तीही अर्धी. राणी माणिकावतीने नवस केला की शिवाच्या देवळाचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. बाकीच्या कारागिरांनी कित्येक महिने मागितले. पैठणच्या कोकसाने सांगितलं, आठवड्यात शिखर दाखवतो. तुम्ही ‘आठवड्यात देऊळ’ एवढंच उचललंत. कोकसाने देऊळ देतो असं म्हटलंच नव्हतं, शिखर दाखवतो म्हटलं होतं, कारण तो काम वरून सुरू करणार होता. डोंगराला वरून तीन बाजूंनी चर खणायचे, मधला पाषाण मोकळा करायचा आणि शिखरापासून खाली कोरत यायचं. परांची नको, दगड वर चढवायला नको, फोडलेला राडारोडा उताराने खाली. कामाची सगळी रीत लोकांनी गोष्टीत जपून ठेवली होती. तुम्ही तिचा चमत्कार केलात.

आणि हे कसब आकाशातून पडलेलं नाही. भाजे, कार्ले, नाशिक, कान्हेरी, अजिंठा… कैलासाच्या आधी आठ-नऊशे वर्षं याच काळ्या दगडात लेणी कोरली जात होती. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलंय, तिथे काम कसं पुढे सरकत होतं ते अजून दिसतं. अखंड दगडातले रथ महाबलीपुरमला पल्लवांनी सातव्या शतकातच केले होते. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर कैलासाच्या जेमतेम पिढीभर आधीचं, आणि दोन्हींचे आराखडे शेजारी ठेवले की नातं लपत नाही. वेरूळलाच जैन लेण्यांत ‘छोटा कैलास’ आहे. थोरल्या कैलासावरून बेतलेला, त्याहून कितीतरी लहान. तुमचा ड्रोन तिथवर गेलाच नाही.

औरंगजेबाने हजार माणसं लावून तीन वर्षं फोडलं तरी देऊळ फुटलं नाही, असंही तुम्ही ठणकावून सांगता. कोणत्या बखरीत, कोणत्या अखबारात, कोणत्या पत्रात? एका कागदाचं नाव पडद्यावर टाका. दाखवलंत तर मी वाचेन आणि मान्य करेन.

मला राग कशाचा येतो ते सांगतो. राजाचं नाव ताम्रपटावर राहिलं. ज्यांनी उन्हातान्हात घण मारले, ज्यांच्या डोळ्यांत कपच्या गेल्या, त्यांची नावं कुठेच नाहीत. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असं आपण म्हणतो, आणि ते घाव घालणारे हात विसरतो. त्या माणसांकडे मागे एकच गोष्ट उरली होती: हे आपल्या हातांनी केलं. तीही तुम्ही काढून घेतलीत आणि परग्रहावर पाठवून दिलीत. तुमचा माहितीपट पाहून एखाद्या पोराला वाटलं असेल की आपल्या मातीतल्या माणसांना एवढं जमणं शक्यच नव्हतं, तर त्या नुकसानीला तुम्ही जबाबदार आहात.

त्यामुळे मागणं एवढंच. माहितीपट काढून टाकू नका, दुरुस्त करा. तुमच्या हिशेबात माणसांची संख्या घाला, ताम्रपट वाचून दाखवा, कोकसाचं बोलणं पुरं सांगा. मग विचारा तुमचा प्रश्न, लोक त्यांचं ते ठरवतील. आणि ज्यांनी तो माहितीपट पाहिलाय त्यांनी एकदा वेरूळला जाऊन यावं. छत्रपती संभाजीनगरहून तासाभराची वाट आहे. १६ क्रमांकाचं लेणं, म्हणजे कैलास, पाहून झाल्यावर परत फिरू नका, छोट्या कैलासापर्यंत जा. लेणी मंगळवारी बंद असतात.