घामाची बाजू

घामाबद्दल आपण जाहीर सभेत एक बोलतो आणि घरी दुसरंच वागतो. व्यासपीठावर घामाचे मोती होतात, कष्टकऱ्याच्या घामाला दाम मागितलं जातं. आणि भाषण संपवून खाली उतरलेला वक्ता पहिलं काम करतो ते खिशातून रुमाल काढून स्वतःचे मोती टिपून टाकण्याचं. उन्हाळा लागला की पुरवण्यांतून सल्ले सुरू होतात, त्यांतही घाम कायम आरोपीच्या पिंजऱ्यात. तो कसा टाळावा, त्याचा वास कसा घालवावा, त्याचे डाग लिंबानं निघतात की सोड्यानं. माझं म्हणणं असं की हा आरोपी निर्दोष तर आहेच, वर घरात कमावता तो एकटाच आहे. पंखा, कूलर, माठ, वाळ्याचा पडदा, फार काय एसीसुद्धा, ही बाकीची मंडळी एक तर त्याच्या हाताखाली राबतात किंवा त्याची नक्कल करतात. उन्हाळ्यात गार राहायचं तर घाम थांबवून भागत नाही. आलेला घाम अंगावरच वाळेल अशी सोय करावी लागते.

हिशेब मांडू. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर तो जाताना सुमारे सात किलो बर्फ वितळवायला लागेल इतकी उष्णता घेऊन जातो. एसीच्या बाबतीत आपण ज्याला एक टन म्हणतो तो चोवीस तासांत ९०७ किलो, म्हणजे अमेरिकेतला एक टन, बर्फ वितळवण्याचा हिशेब असतो. गुणाकार-भागाकार केला तर तासाला लिटरभर घाम वाळवणारी पाच माणसं म्हणजे एक टनाचा एसी. भर उन्हात रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या टोळीला तासाला लिटरभर घाम येणं काही विशेष नाही. वीजबिल शून्य, देखभाल शून्य, फक्त पाणी पाजावं लागतं, आणि मुकादमाला नेमकं तेच आठवत नाही. मात्र सगळी मेख ‘वाळला तर’ या दोन शब्दांत आहे. रुमालानं टिपलेला घाम म्हणजे दारात आलेली बर्फाची लादी भुसासुद्धा न झटकता गटारात सोडून देणं. शरीरानं पाणी खर्च केलं, मीठ खर्च केलं, आणि मालकानं माल परत पाठवला.

यावर विश्वास बसत नसेल त्यांच्यासाठी एक जुना पुरावा आहे. १७७५ साली चार्ल्स ब्लॅग्डेन या डॉक्टरनं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एका तापवलेल्या खोलीची हकिगत छापली. तो आणि त्याचे मित्र अंगावर पुरते कपडे घालून त्या कोरड्या खोलीत शिरले. पारा उकळत्या पाण्याच्याही वर, एकदा तर १२७ अंशांपर्यंत. सोबत अंडी, मांसाचे तुकडे आणि टोपलीत बसवलेलं एक कुत्रं. अंडी वीस मिनिटांत घट्ट शिजली, मांस पाऊण तासात वाळकं झालं. माणसं आणि कुत्रं सुखरूप बाहेर आली. त्यातली खरी गंमत पुढे आहे. भात्यानं वारा घातला तेव्हा तसाच दुसरा तुकडा तेरा मिनिटांत शिजला. पंखा स्वतः कुणालाच गार करत नाही हे याहून चविष्ट रीतीनं सिद्ध होणं कठीण. ज्याला घाम येत नाही त्याला तापलेल्या हवेत पंखा भाजतो, ज्याला येतो त्याला वाचवतो. तेही एका मर्यादेपर्यंत, कारण चाळीस अंशांच्या वर नुसत्या पंख्यावर विसंबू नका असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. आता एवढं सगळं पाहूनही ब्लॅग्डेननं मुख्य श्रेय दिलं ते देहात दडलेल्या कुठल्याशा थंडावा देणाऱ्या शक्तीला. रॉयल सोसायटीतसुद्धा घामाला त्याचं पुरतं देणं कुणी देईना.

पहिला आक्षेप मुंबईहून येणार, आणि तो बिनतोड आहे. ‘आमच्याकडे घाम वाळतच नाही, मग त्याची वकिली कसली करता?’ रत्नागिरी आणि पणजीही मागून माना डोलावतील. पण नीट पाहिलं तर हा आक्षेप माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. तापमापकाला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलं तर तो जे दाखवतो ते घाम वाळवून हवा आपल्याला कुठवर गार करू शकते याचं माप असतं. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा ओला तापमापक २४ च्या आसपास थांबतो. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के असेल तर २९ वर. म्हणजे बातम्यांत नागपूरचा आकडा लाल अक्षरांत येतो आणि घुसमट मुंबईकराची होते. हा ओला आकडा ३५ ला पोचला तर सावलीत नुसत्या बसलेल्या धडधाकट माणसालाही काही तासांपलीकडे तगणं अवघड, असं गणित शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडलं. नंतरचे प्रयोग तर ही मर्यादा आणखी खालीच असल्याचं सांगतात. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावरच्या समारंभात उष्माघातानं माणसं दगावली, तेव्हा पारा चाळिशीलाही टेकला नव्हता. पाऱ्याचा आकडा बघून निर्धास्त राहण्याची किंमत एवढी असू शकते, आणि त्यावर विनोद होऊ शकत नाही.

विदर्भाला हे गणित पाठ आहे, फक्त त्यानं ते कधी कागदावर मांडलं नाही. तिथला कूलर म्हणजे खिडकीत बसवलेला, लोखंडी पत्र्याचा, घाम येणारा प्राणी. त्याच्या ताट्या ओल्या राहतात, वारा त्यांतून येतो, पाणी वाळतं, खोली गार होते. या प्राण्याची एकच अट असते, समोरची खिडकी उघडी हवी. ‘गारवा बाहेर जाईल’ म्हणून ती लावून घेणारा एक जण प्रत्येक घरात असतो, आणि तासाभरात तो नागपुरात बसल्या बसल्या घरात मुंबई तयार करतो. बदली झाल्यावर हाच कूलर ट्रकमध्ये घालून मुंबईला नेणाऱ्यांचं तर काय सांगावं. तिथे तो वारा देतो, आवाज देतो, भिंतीला ओल आणि डासांना आसरा देतो. गारवा तेवढा देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. हवा एवढी कोरडी आणि घाम एवढा कर्तबगार, तर विदर्भात ऊन लागून माणसं आजारी का पडतात? कारण तिथे घाम इतका चटकन वाळतो की किती गेला ते कळतच नाही. अंग कोरडं, म्हणून माणूस निश्चिंत. आतली टाकी मात्र तळाला. इथे आजीचं मत विचारात घ्यावं लागतं. कैरीचं पन्हं म्हणजे पाणी, मीठ आणि गूळ किंवा साखर. दवाखान्यात पाकिटातून मिळणाऱ्या मीठ-साखरेच्या पाण्याचं ते लांबचं पण रुचकर नातेवाईक. ताकात मीठ घालायचं कारणही तेच. खिशातल्या कांद्याबद्दल मात्र मी आजीशी सहमत होऊ शकत नाही. खिशात बसून कांदा उन्हाला अडवतो याला आधार नाही. पण जो माणूस खिशात कांदा घेऊन निघतो तो डोक्याला दुपट्टा बांधतो, बरोबर पाण्याची बाटली घेतो आणि बाराच्या आत परततो. श्रेय कांद्याला जातं. दुपट्ट्यावर ‘एवढं गुंडाळून उकडत नाही का?’ असं विचारणाऱ्यांसाठी १९८० सालचं संशोधन आहे. वाळवंटातले बेदुइन काळे पायघोळ झगे का घालतात याचा शोध घेतला, तेव्हा काळा झगा जास्त तापतो हे खरं निघालं. पण सैल झग्यातून खेळणारा वारा ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचूच देत नाही. म्हणजे प्रश्न किती कपडे घातले हा नाही, आत वारा फिरतो का हा आहे. तंग जीन्स घालून बिनबाह्यांचा टी-शर्ट मिरवणाऱ्यानं अर्धाच अभ्यास केलेला असतो.

‘मग सरळ गार पाण्यात बसावं’ असा म्हशीचा पक्ष आहे. गाईच्या मानानं म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी फार कमी, त्यामुळे तिला डबक्यावाचून गत्यंतर नाही. उपाय रामबाण आहे, पण तो डबक्यापुरता; ऑफिसात नेता येत नाही. चहाचा पक्ष त्याहून सोपा. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात २०१२ साली असं दिसलं, की गरम पेय घेतल्यावर घाम जेवढा जास्त येतो तो सगळा वाळत असेल, तर शरीरात शेवटी उष्णता कमीच साठते. मे महिन्यात टपरीवर उभ्या असलेल्या वैदर्भीयाला यामुळे प्रथमच विज्ञानाचा पाठिंबा मिळाला. दादरच्या माणसानं मात्र कटिंग पिताना हे कारण पुढे करू नये, त्यानं आपली तलफ कबूल करावी.

राहता राहिला एसी. तोही माझ्याविरुद्ध साक्ष देत नाही. त्याच्या पोटात द्रवाची वाफ होऊनच उष्णता उचलली जाते, म्हणजे नक्कल उघड आहे. शिवाय १९०२ मध्ये विलिस कॅरियरनं त्याची आखणी केली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यातला कागद दमटपणानं फुगून रंग सरकायचे, ते थांबवण्यासाठी. माणसाचं सुख नंतर आलं. किनारपट्टीवर एसीचं खरं काम आजही हेच आहे, हवा कोरडी करणं, म्हणून तिथे सव्वीस-सत्तावीसवर ठेवून पंखा लावला तरी पुरतं. अठरावर ठेवून वर दुलई घेणाऱ्यांचं दुखणं उष्णतेचं नसून रिमोटचं आहे. आणि त्या यंत्राच्या नळीतून खालच्या मजल्यावरच्यांच्या ग्रिलवर दिवसभर जे पाणी ठिबकतं, ते खोलीच्या हवेतून पिळून काढलेलं असतं. त्यात वरच्या बिऱ्हाडातल्या प्रत्येकाचा वाळलेला घामही आला. सोसायटीच्या सभेत तक्रार मांडताना खालच्यांनी हा मुद्दा जरूर घ्यावा. नळी दुरुस्त होईलच असं नाही, पण वरच्यांना पुढच्या सभेत त्यांच्याकडे बघवणार नाही.