तुरळक ठिकाणी मराठी

सूनबाई चेन्नईची. लग्नानंतर पुण्यात आली आणि मराठी शिकायचं तिनं आपणहून ठरवलं. सुरुवात कुठून करायची यावर घरात बैठक बसली. हिचं म्हणणं, स्वयंपाकघरापासून. माझं म्हणणं, हवापाण्यापासून. भांडण न होता कोणाशीही बोलता येईल असा तेवढा एकच विषय आता उरला आहे. शिवाय मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. पस्तीस वर्षं काढलेली वातावरणाच्या थरांची आकृती पुन्हा काढायला मला निमित्तच हवं होतं.

पहिल्याच धड्याला गाडी अडली.

"हवा म्हणजे एअर," मी म्हणालो.

"आणि वेदर, बाबा?"

"तीही हवाच."

"मग क्लायमेट?"

"ते हवामान."

"म्हणजे हवामान खातं क्लायमेट सांगतं?"

"नाही गं, ते उद्याची हवा सांगतं."

तिनं पेन खाली ठेवलं. तेवढ्यात हिनं आतून विचारलं, "चहा हवा का कुणाला?" सूनबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हा गोंधळ मी एकट्यानंच घालून ठेवला आहे. सायकलच्या चाकातली हवा, डोक्यात गेलेली हवा आणि 'सध्या त्याचीच हवा आहे' हे मी दुसऱ्या दिवसावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी थर. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर. ही नावं पोरांच्या तोंडात बसवताना माझी अर्धी नोकरी गेली. सूनबाईला मात्र ती लगेच बसली. अंबर म्हणजे आकाश आणि अंबर म्हणजे वस्त्रही, हे सांगायची खोटी, ती म्हणाली, "आमच्या शेजारी पीतांबरम अंकल आहेत. आणि चिदंबरम!" खरंच की. चिदंबरमच्या देवळात शंकराची पूजा आकाशरूपात होते. मी इतकी वर्षं अंबर शिकवत होतो, पण तिथपर्यंत कधी पोचलो नव्हतो.

तपांबर हा खालचा संसारी थर. विषुववृत्तावर सोळा-अठरा किलोमीटर जाड, ध्रुवांपाशी आठ-नऊ. ढग, पाऊस, वादळं, सगळा आरडाओरडा इथलाच. इथे वर जावं तसं गार होत जातं, किलोमीटरला साधारण साडेसहा अंश. त्याच्यावर स्थितांबर. तिथे ढगांची धावपळ जवळजवळ नाही, पण वर जावं तसा पारा चढतो, कारण तिथला ओझोन अतिनील किरण शोषून तापतो. फारसं काही घडत नाही आणि तरी पारा चढतो. निवृत्त माणसाला हा थर वेगळा समजावून द्यावा लागत नाही, असं ही आतून म्हणाली. आतून तिला सगळं ऐकू येतं.

एकदा सूनबाई ऑफिसातून आली ती हसतच. कोणी तरी तिला 'शिमला ऑफिसपाशी उतर' असं सांगितलं होतं आणि भर उन्हात ती तिथे उतरली होती. मग इतिहासाचा तास झाला. हवामान खातं स्थापन झालं १८७५ साली. पुढे त्याचं मुख्यालय शिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्यात आलं. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, पण पुण्यातलं शिमला पुण्यातच राहिलं. नाव बदलायला कोणाला सवड झाली नसावी. थंडी तेवढी आली नाही.

जुलैत मात्र माझी शिकवणी मागे पडली. हिनं खिडकी उघडली आणि स्वतःची सुरू केली. मळभ आलंय, कुंद झालंय, भुरभुर आहे, आता रिपरिप सुरू झाली, ही सर जाईल, ही काही जायची नाही, झड लागलीय. आणि मध्येच तासभर थांबला, की उघडीप; तेवढ्यात दोरीवर कपडे टाकून घ्यायचे. सूनबाईनं मला विचारलं, "पागोळ्या म्हणजे काय?" सांद्रीभवन मी झोपेतही सांगेन. पागोळ्यांसाठी तिला खिडकीपाशी नेऊन पन्हाळीकडे बोट दाखवावं लागलं.

नक्षत्रं तिला नवीन नव्हती. तिच्याकडे मे महिन्यात अग्निनक्षत्रम असतं, तेव्हा म्हणे दुपारी कावळाही बाहेर पडत नाही. पण आपल्या पावसाला वय आणि नाती असतात, याचं तिला अप्रूप वाटलं. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूंचा, पूर्वांचा सुनांचा. "जास्त कोणाचा पडतो?" तिनं सरळ हिलाच विचारलं. ही कणीक मळत होती. म्हणाली, "वर्षावर असतं ते." याहून सावध अंदाज मी कुठल्याही खात्याकडून ऐकलेला नाही.

खात्याचा अंदाज सूनबाई रोज ऐकायची. 'कोकणात बहुतांश ठिकाणी, मराठवाड्यात तुरळक ठिकाणी.' ही पळवाटीची भाषा असं मी जन्मभर समजत आलो, वर्गातही त्यावर विनोद केले. तिनं शोधून काढलं, की यामागे चक्क हिशेब आहे. पाऊस नोंदवणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पडला तर तुरळक, पावाच्या वर अर्ध्यापर्यंत काही ठिकाणी, पाऊणच्या पुढे गेला की बहुतांश. मी गप्प बसलो. तेव्हापासून 'मराठी समजतं का?' असं कोणी विचारलं, की ती सांगते, "तुरळक ठिकाणी." गणपतीत आरतीला उभी होती तेव्हा 'काही ठिकाणी'वर आली होती.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस गडगडला तेव्हा ती आईशी फोनवर बोलत होती. चेन्नईचा निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. तिकडे विहिरी आत्ता कुठे वाट बघत असतात. फोन ठेवून ती म्हणाली, "आई, आपला परतीचा म्हणजे आमचा येतीचा."

वास्तविक तोच पाऊस तिकडे जात नाही. वारे दिशा बदलतात, ईशान्येकडून येताना बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेतात, आणि मग... मी तोंड उघडलं होतं. हिनं माझ्या हातात छत्री आणि पिशवी दिली. दूध संपलं होतं.

आमच्या गल्लीत चांगलाच पडत होता. डेअरीपाशी पोचलो, तर रस्ता कोरडा ठणठणीत.