तोंडी गोळीबार

ऑक्टोबर २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या संभल जिल्ह्यात पोलिसांची गुंडांशी चकमक चालली होती. ऐन वेळी एक रिव्हॉल्व्हर अडकलं. शेजारच्या पोलिसाने जराही वेळ न दवडता तोंडानेच गोळीबार सुरू केला, “ठांय! ठांय!” चित्रफीत देशभर फिरली, लोक पोट धरधरून हसले. वरिष्ठांनी खुलासा केला की अशा आरडाओरड्याने गुन्हेगारावर मानसिक दबाव येतो.

हसणाऱ्यांनी जरा विचार करायला हवा होता. या शस्त्राला परवाना लागत नाही, ते शस्त्रागारात जमा करावं लागत नाही, पुंगळ्या मोजून द्याव्या लागत नाहीत आणि नेम चुकून कुणी वाटसरू मरत नाही. घसा बसलाच तर खडीसाखर.

साध्या पोलिसाच्या कमरेला बंदूक असावी की नसावी, यावर जगात जुना वाद आहे. लंडनचा पोलीस १८२९ पासून बहुतांशी दंडुक्यावरच भागवतो. २००६ साली इंग्लंड-वेल्सच्या पोलीस संघटनेने सभासदांनाच विचारलं, तर शंभरातल्या ८२ जणांनी ‘सरसकट बंदूक नको’ म्हणून सांगितलं. खात्याकडून मिळणारी वस्तू माणसं नाकारतात, हे ऐकून आपल्याकडच्या एखाद्या भांडारपालाला भोवळच यायची.

आपल्याकडे हा वाद फारसा रंगत नाही. बंदूक बऱ्याच ठिकाणी दिलेलीच असते. ती उडेल का, एवढीच उत्सुकता उरते. २१ ऑगस्ट २०१९ रोजी बिहारच्या सुपौल जिल्ह्यात माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांना शासकीय इतमामात निरोप दिला जात होता. तेव्हाचे मुख्यमंत्री हजर होते. २२ रायफली आभाळाकडे वळल्या, हुकूम सुटला, आणि एकही उडाली नाही. एखादी अडकली असती तर बिघाड म्हणता आला असता. बावीसच्या बावीस गप्प राहिल्या, म्हणजे त्यांनीही मौन पाळून श्रद्धांजलीच वाहिली.

डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्याच खलीलाबाद ठाण्यात डीआयजी तपासणीला आले आणि त्यांनी एका फौजदाराला बंदूक भरून दाखवायला सांगितलं. फौजदाराने नळीच्या तोंडातून गोळी आत सोडली, मुलाने गल्ल्यात नाणं टाकावं तशी. १८५७ सालचा शिपाई बंदूक तोंडातूनच भरायचा. म्हणजे पद्धत बरोबर होती, शतक तेवढं चुकलं.

यात त्या फौजदाराला तरी किती हसणार? बंदूक ही चालवायची नव्हे, सांभाळायची वस्तू असते. गोळी हरवली की चौकशी, पुंगळी हरवली की चौकशी. आणि न झाडता परत केली की कुणी काही विचारत नाही. शहाण्या माणसाने यातून काय शिकावं?

पण चालवायची वेळ येतेच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटीवर दहशतवाद्यांच्या एके-४७ पुढे पोलिसांच्या हाती जुन्या थ्री-नॉट-थ्री आणि लाठ्या होत्या. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्याकडे तर नुसती काठी होती. साताऱ्याकडच्या केडंबे गावच्या या माणसाने दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या, पण नळी सोडली नाही. कसाब जिवंत सापडला, ओंबळे गेले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. यावरून ‘काठी पुरते’ असा निष्कर्ष काढणाऱ्याला एकदा ती काठी देऊन चौपाटीवर उभं करावं.

मग द्या की सगळ्यांना चांगली बंदूक! ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाकडे तशी स्वयंचलित रायफल होती. तिच्या गोळ्यांनी त्याचा वरिष्ठ आणि तीन प्रवासी गेले; आरोपी तो शिपाईच. ती मात्र अडकली नाही.

इकडे कुठल्याही शहरातली रात्रीची नाकाबंदी पाहावी. हवालदाराच्या खांद्यावर रायफल असते. कुणी हिसकावू नये म्हणून डावा हात पट्ट्यावर घट्ट. कोण कुणाच्या बंदोबस्ताला आलंय, ते कळत नाही. उजव्या हातात मोबाइल, विनाहेल्मेटवाल्याचा फोटो काढायला. दुचाकी सुसाट निघून जाते, फोटोत नंबर हललेला येतो, आणि हवालदार मागून ओरडतो, “ए थांब! थांब!”

तोंडानेच.